काटेवाल्या मामाची बाहेरची फेरी

२ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद, आणि पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन सोडून पत्र लिहितोय त्याला कारण माझा डावा कान. आजार गेला, पण जाताना कानात एक शिट्टी ठेवून गेला. फोन लावला की ती शिट्टी आणि समोरचा माणूस दोघंही एकदम बोलतात आणि मी दोघांनाही "हो, हो" म्हणत बसतो. परवा असंच "हो, हो" म्हणून मी मामीच्या बहिणीला पंधरा दिवस राहायला बोलावून बसलोय. तेव्हा पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी मला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, फरशीच्या रेघेवरून चालवलं, खुर्चीत बसवून गरगर फिरवलं आणि म्हणाले, "काका, कान बरा झालाय. मोटारसायकल चालवायला माझी हरकत नाही." त्यांची नाही, पण माझी आहे. चौदा महिने मी त्या गाडीवर बसलेलो नाही. पहिली चक्कर आली तेव्हा मी एका दुकानात मोठ्या वजनकाट्याखाली पालथा पडून स्प्रिंग बसवत होतो. अख्खं दुकान फिरलं. पुढे चार महिने भिंत धरून मोरीपर्यंत जात होतो. आता काही फिरत नाही. पण गाडीकडे बघितलं की मनात येतं, तेव्हा जमिनीवर होतो म्हणून निभावलं, रस्त्यावर असतो तर?

तुला ठाऊक आहे, तीस वर्षं मी बाहेरची फेरी करतोय. गावाबाहेरची तेवीस दुकानं, आठवड्यातून तीन दिवस, त्यांचे काटे तपासायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे. आजारपणात मालकांनी ती फेरी व्हॅनवाल्या नव्या माणसाला दिली आणि मला कारखान्यात टेबलापाशी बसवलं. काल म्हणाले, "पंधरा एप्रिलला काय ते सांगा. घेणार असाल तर फेरी तुमची. नाहीतर टेबल कायमचं." टेबल वाईट नाही ग. पंखा आहे, चहा जागेवर येतो. पण टेबलावर नुसते काटे येतात, त्यांच्यामागची माणसं येत नाहीत. मला माझी फेरी परत हवी आहे, आणि हे मी तुझ्याशिवाय कुणाला बोललेलो नाही.

सुट्टीच्या दिवशी मला इतका रिकामा वेळ असतो की स्वयंपाकघरातला एकेक डबा झाकणासकट आणि झाकणाशिवाय तोलून झालाय. मामी म्हणते, आता एक दिवस मलाच तोलून माहेरी पाठवाल.

तू शहरात रोज दहा जणांना गाडी शिकवतेस. अकरावा मी. पत्रातून शिकव. मामीला मात्र कळता कामा नये, ती उगाच काळजी करत बसेल.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. अकराव्या वर्षी ज्याने मला पेट्रोलच्या टाकीवर बसवून हँडल हातात दिलं, तो मला विचारतो गाडी कशी चालवायची. गुरूची विद्या गुरूलाच, दुसरं काय.

पण आता मी शिक्षिका आणि तू विद्यार्थी, तेव्हा मामेपणा बाजूला ठेव. माझ्याकडे सध्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्रेसष्ट वर्षांच्या. ब्रेक लावायच्या आधी त्या वर्गात परवानगी मागतात तसा हात वर करतात. त्या शिकतायत, तर तू का नाही शिकणार?

आधी गाडी हलकी कर. त्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पेट्या, आतली वजनं, मागचं कॅरिअर, सगळं उतरवून ठेव. शिकणाऱ्याच्या हाती जड गाडी द्यायची नाही, हा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा पहिला नियम आहे आणि तो भिंतीवर रंगवलेला आहे. मग चार दिवस नुसता बस. इंजिन बंद, दोन्ही पाय जमिनीवर. ते कंटाळवाणं वाटायला लागलं की किक मार आणि जागेवरच क्लच सोडून बघ. मग पहिल्या गिअरमध्ये वीस पावलं आणि परत. जागा अशी निवड जिथे बघणारं कुणी नसेल. घाई करशील तर बघ.

आणि दर पत्रात खरं काय झालं ते लिही. मी इथे आठ तासांच्या अंतरावर आहे, मला तुझा चेहरा दिसत नाही.

मामीपासून लपवणं तुला जन्मात जमलेलं नाही, पण तुझी हौस.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

शिक्षिकाबाई,

हुकमाप्रमाणे पेट्या उतरवल्या. दहा दहा किलोची चार बिडाची वजनं, एकेका पेटीत दोन. मामीला सांगितलं की पेट्यांना रंग द्यायचाय. तिने त्या ओट्याखाली सरकवल्या आणि कांदे-बटाटे भरून टाकले. वजनांतलं एक आता मागच्या दाराला टेकण म्हणून लावलंय.

कारखान्याच्या गोदामामागे मोकळी जागा आहे, तिकडे जातो. चार दिवस नुसता बसलो. पाचव्या दिवशी किक मारली, गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. चौदा महिने उभी होती, मी तेवढा वेळ उभा राहिलो असतो तर चालू झालो नसतो. मग पहिल्या गिअरमध्ये निघालो. गोदामाला दोन चकरा झाल्या.

एकच आहे, खडा किंवा गतिरोधक आला की मागून काहीतरी उसळतं आणि पोटात गोळा येतो. कान असेल. त्याला अजून वेळ लागेल बहुतेक. बाकी फक्कड.

मामा


२८ फेब्रुवारी

मामा,

दोन चकरा. शाबास. मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, त्यांनी तुला पैकीच्या पैकी गुण दिले.

कानाला दोष देऊ नकोस, डॉक्टरांनी त्याला पास केलंय. भीती पोटातच असते. ती असू दे, तिला मागे बसव आणि चालव. आता दुसरा गिअर, गोदामाकडून मुख्य रस्ता, मग पूल. पुलावर आडवा वारा असतो, तिथे वेग कमी ठेव. पंधरा एप्रिलला अजून दीड महिना आहे, खूप वेळ आहे.

भिंगरी


११ मार्च

भिंगरे,

पूल झाला. नुसता झाला नाही, पलीकडे पार बियाण्यांच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. वारा होता, पण मी वेग कमी ठेवला, तू म्हणालीस तसा. दुकानवाल्या बाईंनी लांबूनच ओळखलं, म्हणाल्या, "आले आमचे काटेवाले." खुर्ची दिली, चहा दिला, व्हॅनवाला काट्याला तेल घालतच नाही म्हणून तासभर गाऱ्हाणं ऐकवलं. येताना तिसरा गिअर टाकला. समोरून ट्रक आला तरी हात हलला नाही.

आता तू माझी काळजी करू नकोस. माझं बहुतेक झालंय. तुझे विद्यार्थी बघ.

मामा


१४ मार्च

प्रिय भिंगरीस, मामीकडून.

मला पत्रं लिहायची सवय नाही. दुकानदाराला यादी लिहिते तेवढंच. पण हे लिहायलाच हवं.

तुझी पत्रं तुझे मामा कपाटात लपवतात. माझ्याच कपाटात, माझ्याच कपड्यांच्या घडीखाली. तिथे मला सापडणार नाहीत असा त्यांचा हिशेब. मी पहिल्या पत्रापासून सगळी वाचलीत. त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नव्हतं, पण तुझ्या "शाबास" वरून कळलं की थापा चालू आहेत.

खरं सांगते. गाडी एकदाच चालू झाली, फेब्रुवारीच्या अठरा तारखेला. मी त्यांच्या मागोमाग गेले होते, गोदामाच्या भिंतीआड उभी होते. वीस-तीस पावलं गेले, तिथे एक बारका गतिरोधक आहे, त्यावर गाडी मागून उडाली. यांनी दोन्ही पाय टेकले आणि तोंड पांढरं फटक. तेव्हापासून रोज संध्याकाळी गाडी ढकलत गोदामामागे नेतात, इंजिन बंद, तासभर तिच्यावर बसतात आणि ढकलत घरी आणतात. घामाघूम होऊन येतात आणि, मला कळू द्यायचं नाही हे विसरून, म्हणतात, "आज बरंच लांब गेलो."

पूल ओलांडून बियाण्यांच्या दुकानापर्यंत जाऊन आलो, असंही म्हणाले. कसले जातायत. त्या बाई परवा स्वतः घरी आल्या होत्या, "काटेवाले कधी येणार" म्हणून विचारायला. हे आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत. मला म्हणाले, सांग झोपलोय. सकाळचे अकरा वाजले होते ग.

तीस वर्षं हे गाडीवर गेले की मी जीव मुठीत धरून बसायचे. वाटायचं, एकदाची सुटो ती गाडी. आता सुटली तर मला नको वाटतंय. हा दारामागे झोपेचं सोंग घेणारा माणूस माझ्या ओळखीचा नाही. मला माझा नवरा फेरीवर हवा. जाऊ दे, काळजी करत बसेन, त्याची मला सवय आहे.

त्यांना रागावू नकोस. आणि तुला म्हणून सांगते, मलाही ती गाडी आता बघवत नाही. तीस वर्षांत ती मी पेट्यांशिवाय कधी पाहिलेली नाही. माझा पाय मोडला तेव्हा प्लास्टर घातलेला पाय त्या पेटीवर टेकवून मी दवाखान्यातून घरी आले. कोपऱ्यावर दूध आणायला जायचे ते चाळीस किलो वजनं घेऊन. काढा म्हटलं तर म्हणायचे, परत बसवायला अर्धा तास जातो. आता पेट्या उतरवल्यात तर ती गाडी हडकुळी दिसते.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नकोस, किंवा कळू दे. मला आता कशाचंच काही नाही.

तुझी मामी


२० मार्च

मामा,

मामीचं पत्र आलं. तिच्यावर चिडायचं नाही, तिने तुझी पाठराखणच केलीय.

थापांबद्दल मी नंतर भांडेन. ट्रक समोरून आला तरी हात हलला नाही म्हणे. आज मात्र मला माफी मागायचीय, म्हणून आधी ती मागते. चूक माझी आहे. मामीच्या पत्रातली एक ओळ वाचली आणि मी डोक्यावर हात मारून घेतला. सरळ उत्तर दे. रिकामी मोटारसायकल तू आयुष्यात कधी चालवली आहेस का?

नाही ना? गेल्या तीस वर्षांत तरी नाही. आणि ती गाडी घेतल्यावर तू गॅरेजवाल्याकडून मागचे शॉकअप बदलून जाड स्प्रिंगचे घातले होतेस, वजनं पेलायची म्हणून. मला आठवतंय, कारण मी मागे बसायचे तेव्हा गाडी गादीसारखी जायची. आता वजनं गेली आणि स्प्रिंगा राहिल्या. तुझ्या एकट्याच्या वजनाला त्या दबतच नाहीत. मग खड्यावर चाक दबणार कसं? ते उडणारच. कान नाही, पोट नाही, स्प्रिंग आहे. तू जन्मभर स्प्रिंगा बसवणारा माणूस आणि मी जन्मभर गाड्या शिकवणारी बाई, आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी तुला नवशिक्याचा नियम लावला. तू नवशिका नाहीस. तुझ्या अंगाला एक गाडी ठाऊक आहे, आणि मी तीच उतरवून ठेवायला लावून तुझ्याखाली भलतीच गाडी दिली. वरून म्हटलं भीती पोटात असते. तू बिचारा महिनाभर ती गाडी ढकलत राहिलास. मला लाज वाटते.

मामीला म्हणावं कांदे-बटाटे दुसरीकडे ठेव. पेट्या लाव, चारही वजनं भर, दाराची टेकणसुद्धा. मग बस.

भिंगरी


३१ मार्च

भिंगरे,

मामीशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पेट्या पुसून देऊ का?" आणि माझा राग संपला.

थापांचं सांगतो. पहिली थाप मारली तेव्हा वाटलं, पुढच्या आठवड्यात खरी करून टाकू. दुसरी पहिली झाकायला मारली. तिसरीपर्यंत मला स्वतःलाच तो चहा प्यायल्यासारखं वाटत होतं. त्या बाई दारात आल्या तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंथरुणात बसून त्यांचा आवाज ऐकत होतो आणि उठता येत नव्हतं. ते कुणाला सांगण्यासारखं नाही, तुला सांगतोय.

तुझं स्प्रिंगचं म्हणणं वाचून बरं वाटलं, पण विश्वास बसेना. माझ्यासारख्याला धीर देऊन उपयोग नसतो, आकडा द्यावा लागतो. म्हणून गाडी कारखान्यात नेली, ढकलतच, आणि मोजपट्टी लावली. मी एकटा बसलो तर स्प्रिंग दबते चार मिलिमीटर. पेट्या आणि वजनं भरून बसलो तर एकतीस. चाराला एकतीस, भिंगरे. तो काटा मी एखाद्या दुकानात बघितला असता तर दारातूनच ओरडलो असतो, याला हात लावू नका म्हणून. आणि त्यावरच स्वतः बसून कानाला शिव्या देत होतो.

संध्याकाळी गोदामामागे गेलो. मामी उघड उघड बरोबर आली, भिंतीआड लपली नाही. किक मारली. तोच गतिरोधक. गाडी दबली, वर आली आणि पुढे गेली. मी मामीकडे बघितलं, तिने हाताने खूण केली, परत एकदा. सहा वेळा गेलो त्याच्यावरून.

आता खरं तेवढंच लिहितो. रोज पेट्रोल पंपापर्यंत जातो, येऊन जाऊन तीन किलोमीटर. पूल झालेला नाही. वळणावर अजून वाटतं, आत्ता आली चक्कर आणि आत्ता पडलो. हे स्प्रिंगचं नाही, हे माझं आहे. पंधरा दिवस उरलेत. मालकांना काय सांगू ते अजून ठरत नाही.

मामा


६ एप्रिल

मामा,

थोडक्यात लिहिते, बाहेर मुख्याध्यापिकाबाई हेल्मेट घालून उभ्या आहेत आणि त्यांना उशीर खपत नाही.

भीती गेल्यावर "हो" म्हणेन असं ठरवशील तर टेबलच घे. ती आधी जात नाही. माझ्याकडे आजवर आलेल्या एकाचीही आधी गेलेली नाही. पंप येऊन जाऊन तीन किलोमीटर आहे, पूल पाच. रविवारी मामीला मागे बसव आणि जा. पडशील तर दोघं पडाल, कुणीतरी भांडायला असेल बरोबर.

पंधराला मी तिकडे येऊ का? रजा काढते.

भिंगरी


१७ एप्रिल

भिंगरे,

तू आली नाहीस ते बरं झालं, नाहीतर मी तुझ्याकडे बघत बसलो असतो.

रविवारी मामीसह पूल झाला. मामी पूर्ण वेळ माझ्या खांद्याचं मांस धरून होती, त्यामुळे वाऱ्याकडे लक्ष गेलं नाही. दोन दिवसांनी, म्हणजे पंधराला, सकाळी मालकांसमोर उभा राहिलो. म्हटलं, फेरी घेतो. ते म्हणाले, "बोलू नका, करून दाखवा. आजची पाच दुकानं तुमची, मी व्हॅनमधून मागे येतो."

तीन दुकानं झाली. भीती होतीच, पण काटे उघडले की मी ती विसरायचो आणि गाडीवर बसलो की आठवायची. दुपारी चारला बियाण्यांच्या दुकानापाशी पोचलो. बाजाराचा दिवस, चौक माणसांनी भरलेला. बाई पायरीवर उभ्या. मी ऐटीत गाडी थांबवली, उजवा पाय टेकवला तो नेमका सांडलेल्या बारीक खडीवर. पाय सरकला. चाळीस किलो वजनं, गाडी आणि मी, सगळे चौकात आडवे. पेटीमुळे पाय खाली सापडला नाही एवढंच.

मी उताणा पडलो होतो. समोर विजेचा खांब होता. म्हटलं, आता फिरेल. चार माणसं धावत आली, हात धरून उठवायला लागली. मी म्हटलं, "जरा थांबा, मला उठवू नका." त्यांना वाटलं, हाड मोडलं. बाई पाणी घेऊन आल्या, मी त्यांनाही थांबवलं. मला खांब बघायचा होता. दहापर्यंत मोजलं. खांब उभाच. मग वीसपर्यंत मोजलं. खांब उभा, त्याच्या तारा सरळ, तारेवरचा कावळा जागच्या जागी. सोळा महिने रोज ज्याची भीती घेऊन झोपलो ते एकदाचं होऊन गेलं होतं, आणि मला फक्त कोपराला खरचटलं होतं. मला हसू फुटलं ग. पडल्या पडल्या मोठ्याने हसलो, आणि लोकांची खात्री पटली की मार डोक्याला लागलाय.

मालक व्हॅनमधून उतरले. मला वाटलं, झालं, गेली फेरी. त्यांनी विचारलं, "लागलं का?" म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग गाडी चालू होते का बघा. काटा बघून लवकर निघा, पाचवं दुकान बंद व्हायच्या आत गाठायचंय." आणि व्हॅन वळवून निघून गेले. पाचव्या दुकानाला मागे कुणी आलंच नाही.

अंधार पडायच्या आत घरी पोचलो. मामी दारात होती, दुपारपासूनच असावी. तिने पँटचा फाटलेला गुडघा बघितला.

"पडलात?"

"हो."

"चक्कर?"

"नाही. नुसताच पडलो."

ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. मलाही आवरलं नाही, तुझ्यापासून आता काय लपवायचं. त्या एका पडण्याला आम्ही दोघं सोळा महिने भीत होतो, ती तिच्या मनात आणि मी माझ्या, आणि एकमेकांना एका शब्दाने बोललो नव्हतो. मग तिने डोळे पुसले, माझा फेरीचा डबा वरच्या फळीवरून काढला आणि विचारलं, "परत कधी फेरी, आणि किती वाजता निघायचं?"

मामा